आधी घर लहान करा: नव्या पॉमेरेनियन पिल्लाला रुळवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. नऊ आठवड्यांची पॉमेरेनियन मादी घरी येऊन आठ दिवस झालेत. तुम्ही दोघं नोकरीला, दिवसभर घरात सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा आठ वर्षांचा. पिल्लू घरभर शू करतं, रात्री दोन-दोन तास रडतं आणि मुलाच्या हातापायांना चावतं. शेजाऱ्यांनी सांगितलंय की शू केली की त्यात नाक घासायचं, पेपरची गुंडाळी करून एक द्यायची आणि रात्री बाल्कनीत ठेवायचं. हे करावं का, नाहीतर काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीही करू नका. का ते पुढे सांगतेच, पण आधी मुळाशी जाऊ. तुम्ही या तीन वेगळ्या तक्रारी समजताय. माझ्या मते तिन्हींचं मूळ एकच आहे: किलोभराच्या पिल्लाला पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं मिळालं. त्यात शूची जागा कुठली हे त्याला सापडत नाही, तुमचं सतत लक्ष राहू शकत नाही, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला उचलतो म्हणून दिवसाची झोप पुरी होत नाही. जागा मोठी म्हणून शू कुठेही. झोप अपुरी म्हणून संध्याकाळी चावरेपणा. आणि दिवसभर माणसांच्या गराड्यात राहून रात्री एकदम एकटं, म्हणून रडणं. तेव्हा पहिला उपाय घर लहान करण्याचा. पिल्लू जसजसं तयार होईल तसतशी एकेक खोली उघडायची.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत. पिल्लू कुठून आलं? घरगुती वातावरणात आईपाशी वाढलेलं असेल तर झोपायची जागा कोरडी ठेवायची उपजत सवय शाबूत असते, आणि पुढचं सगळं बरंच सोपं जातं. दुकानात पिंजऱ्यात ठेवलेल्या पिल्लाला जिथे झोपायचं तिथेच करावं लागलेलं असतं. ती सवय मोडायला दुप्पट वेळ धरा. दुसरं, आईपासून ते नेमकं कधी तोडलं? आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं विकायला २०१७ च्या नियमांनुसार मनाई आहे, तरी पाच-सहा आठवड्यांची सर्रास विकली जातात. भावंडांशी खेळताना 'एवढ्या जोरात चावलं तर खेळ थांबतो' हा धडा पिल्लू याच काळात शिकतं. तो हुकला असेल तर तो तुम्हाला शिकवावा लागेल. तिसरं, आपल्याकडे 'पॉम' म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं खरं तर इंडियन स्पिट्झ असतात. खरं पॉमेरेनियन मोठं होऊन दीड ते सव्वातीन किलोचं राहतं, स्पिट्झ पाच-सात किलोपर्यंत जातं. शिकवण्यात फरक पडत नाही, पण खाण्याचं प्रमाण आणि हाडांची काळजी यात पडतो. पहिल्या तपासणीत डॉक्टरांना विचारून घ्या.

आता जागा. हॉलच्या एका कोपऱ्यात, जिथून सासूबाईंना बसल्याजागी दिसेल, तिथे चार फूट बाय चार फुटांचं कुंपण करा. दोन फूट उंचीचे जोडायचे लोखंडी जाळीचे पॅनेल मिळतात. आकार बदलता येतो म्हणून ते सोयीचे. एका टोकाला अंथरूण, त्याच्याजवळ पाण्याचं जड भांडं, आणि विरुद्ध टोकाला शूचा ट्रे. अंथरूण आणि ट्रे शेजारी-शेजारी ठेवलेत तर पिल्लू ट्रेवरच झोपेल किंवा अंथरुणात करेल. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर पॉमेरेनियनचे मागचे पाय फाकतात. या जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास मुळातच असतो, म्हणून खाली जुनी योगा मॅट पसरा.

ट्रेमध्ये पेपर घालू नका, हा माझा आग्रह आहे. पेपरवर शू करायला शिकलेलं पिल्लू सासूबाई जमिनीवर पसरून वाचत असलेल्या पेपरवरही करेल, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबरच असेल. काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे घ्या, त्यावर शोषून घेणारं पॅड किंवा कृत्रिम हिरवळीचा तुकडा बसवा. पायाखाली काय लागतं यावरून पिल्लू जागा ओळखतं. नेमक्या याच कारणासाठी घरातली सगळी पायपुसणी महिनाभर उचलून ठेवा. मऊ, शोषणारं आणि जमिनीवर पसरलेलं पायपुसणं पिल्लाच्या पायाला पॅडसारखंच लागतं. 'नेमकं पायपुसण्यावरच करतं' ही तक्रार जवळपास प्रत्येक घरातून येते. त्यात खोडसाळपणा काही नसतो.

शूचं गणित समजून घेतलं की निम्मा राग जातो. या वयात मूत्राशय इवलंसं असतं आणि ते रोखून धरण्याची ताकद साडेतीन-चार महिन्यांपासून हळूहळू येते. झोपेत पिल्लू अडीच-तीन तास धरतं, जागं असताना पाऊण तासही पुष्कळ झाला. ठरलेल्या वेळा अशा: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळताखेळता मध्येच, आणि यातलं काही झालं नाही तरी जागेपणी दर पाऊण तासाला. लहान जातींना हे शिकायला वेळ लागतो अशी समजूत आहे, आणि ती पूर्ण खोटी नाही. पण याचं एक कारण आपणच असतो. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचं तळं लगेच दिसतं. पॉमेरेनियनचं चमचाभर पाणी सोफ्याच्या पायाशी वाळून जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि वास मात्र तिथे राहतो.

करण्याआधी पिल्लू सांगतं, फक्त पाहावं लागतं. तोंडातलं खेळणं मध्येच टाकून देतं. नाक जमिनीला लावून चालायला लागतं, त्या चालण्यात जरा घाई असते. मग एकाच जागी अर्धं वर्तुळ, क्वचित पूर्ण, आणि मागचा भाग खाली जाऊ लागतो. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत घडतं. खेळणं टाकलं तेव्हाच उठायचं. न ओरडता, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून उचलायचं आणि ट्रेवर ठेवायचं. करत असताना हळू आवाजात 'शू-शू' म्हणायचं, पुढे बाहेर फिरायला नेताना हाच शब्द कामाला येतो. संपल्याबरोबर, ते ट्रेवर उभं असतानाच, हरभऱ्याच्या डाळीएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडलात तर उशीर झाला. तोवर पिल्लू तुमच्या मागे पळत आलेलं असतं आणि त्याला मागे पळाल्याचं बक्षीस मिळतं. म्हणून ट्रेजवळच्या शेल्फवर झाकणाची छोटी डबी ठेवा. तुकडे रोज ताजे भरा, नाहीतर त्याच्या कोरड्या खाद्यातलेच दाणे ठेवा.

चुकलं तर? चुकताना दिसलं तर उचलून ट्रेवर ठेवा. नंतर दिसलं तर काही करू नका, फक्त पुसा. नाक घासण्याने किंवा मारण्याने पिल्लू 'इथे करू नये' हे शिकत नाही. 'माणसासमोर करणं धोक्याचं' एवढंच शिकतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि पुढे पट्टा लावून अर्धा तास फिरवलंत तरी तुमच्यासमोर करत नाही. घरी येऊन पडद्याआड करतं. 'मुद्दाम करतं' म्हणून आणलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत मागे चौकशी केली की पुष्कळदा हीच पेपरची गुंडाळी निघते.

पुसायचं कसं यालाही महत्त्व आहे. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, ओल्या पोछ्याने पसरवू नका. मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर मारून दहा मिनिटं तसंच राहू द्या. घरगुती उपाय म्हणजे पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. पण फरशी संगमरवरी, कडप्पा किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर लावू नका. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने पांढरट पडतात. फिनाईल पूर्ण बंद करा. ते वास काढत नाही, नुसता झाकतं, आणि ओल्या फरशीवरून चाललेलं पिल्लू तेच पंजे चाटत बसतं.

आता सासूबाईंचं. दर पाऊण तासाला वाकून पिल्लू उचलणं त्यांना जमणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. कुंपणाचा उपयोग इथेच आहे. तुम्ही घरी असताना, म्हणजे सकाळ-संध्याकाळ, बघून-उचलून शिकवा. दुपारी पिल्लू कुंपणातच राहील, ट्रे आतच असेल, आणि जागा एवढीशी असल्याने ते दहापैकी सात-आठ वेळा तरी ट्रेवरच करेल. सासूबाईंनी फक्त दुपारच्या जेवणाची वाटी ठेवायची आणि ट्रेवर केलेलं दिसलं की बसल्याजागेवरून 'शाब्बास' म्हणून एक दाणा आत टाकायचा. दुपारी एकदा ट्रेचं पॅड बदलून कोण देईल ते आधीच ठरवा, कारण घाण झालेल्या पॅडवर पिल्लू पुन्हा जात नाही, शेजारी फरशीवर करतं. कामाच्या मावशी दुपारी येत असतील तर त्यांच्याशी बोलून ठेवा. पहिले दोन आठवडे तुमच्यापैकी एकाला घरून काम करता आलं तर फारच उत्तम.

रात्रीसाठी बाल्कनी नको. थंडी आणि भीती हे तर आहेच, पण चौथ्या मजल्याच्या ग्रिलच्या चार इंच फटीतून हे पिल्लू सहज बाहेर जाईल. दिवसासुद्धा बाल्कनीला खालून दोन फूट तरी बारीक जाळी मारल्याशिवाय त्याला तिथे सोडू नका. आठवडाभरापूर्वीपर्यंत ते बहुधा भावंडांच्या ढिगात झोपत होतं. रात्री एकटं पडल्यावर ओरडणं ही त्या वयाच्या जिवाची स्वसंरक्षणाची युक्ती आहे. तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला की पोचेल अशी, त्याची झोपायची पेटी ठेवा. चोवीस इंच लांबीचा क्रेट, म्हणजे दाराचा जाळीचा पिंजरा, पुढे मोठेपणीही चालेल, मात्र आत्ता त्याचा निम्मा भाग पुठ्ठ्याने बंद करा. उठून वळून पुन्हा आडवं होता येईल एवढीच जागा हवी. मोकळी जागा उरली की त्याचा एक कोपरा शूचा होतो. क्रेट नसेल तर उंच काठाचं पुठ्ठ्याचं खोकंही महिनाभर पुरतं. त्यात तुमचा वापरलेला टी-शर्ट घाला.

शेवटचं खाणं रात्री नऊला, शेवटची शू अकराला. मग दीडचा आणि साडेचारचा गजर लावा. पिल्लाने रडून उठवण्याआधी तुम्ही उठायचं, यात मेख आहे: रडलं की माणूस येतो हा हिशेब बसायच्या आतच काम उरकलेलं असतं. मोठा दिवा नाही, बोलणं नाही, लाड नाहीत. उचलून ट्रेवर, झालं की परत पेटीत. आठवडाभर कोरडं राहिलं तर गजर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकला. चार महिन्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं सलग सहा तास काढतात. मधेच कुरकुरलं तर बोटं पेटीच्या जाळीला लावून ठेवा, एवढ्यानेच पुष्कळदा शांत होतं. पण कुरकूर थांबून-थांबून येत असेल आणि सुर वाढत नसेल तर अर्धा-एक मिनिट वाट बघा. सलग आणि चढत्या पट्टीत ओरडत असेल तर शू आली आहे असंच समजा. पाणी मात्र रात्रीच्या भीतीने दिवसा कमी करू नका.

चावण्याबद्दल. दात शिवशिवणं साडेतीन-चार महिन्यांनंतर सुरू होतं, तेव्हा दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात. नऊ आठवड्यांचं पिल्लू चावतं ते खेळ म्हणून, आणि सगळ्यात जास्त चावतं ते झोप झालेली नसते तेव्हा. या वयाला दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. तुमचं पिल्लू किती झोपतं ते एक दिवस लिहून काढा, बहुतेक बारा-तेरा तास निघतील. तास-सव्वा तास जागं, मग दीड-दोन तास कुंपणात झोप, हा ताल धरा. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरभर सुसाट पळणं आणि पायजम्याला लटकणं हे थकलेल्या पिल्लाचंच लक्षण आहे. त्याला आणखी खेळवलंत तर आणखी चावेल.

मुलाला तीन गोष्टी सांगा. पिल्लाशी खेळताना मांडी घालून जमिनीवर बसायचं. हात हे खेळणं नाही, दोन फूट लांब दोरीला बांधलेलं कापड हे खेळणं. दात कातडीला लागले की किंचाळायचं नाही, हात झटकायचा नाही, झाडासारखं स्तब्ध व्हायचं आणि उठून कुंपणाबाहेर जायचं. तीस सेकंदांनी परत यायचं. मुलाचं किंचाळणं आणि पळणं पिल्लाला सगळ्यात मजेचं वाटतं, म्हणून ते त्याच्याच मागे लागतं. हे घरातल्या प्रत्येकाने सारखं केलं तर दोन-तीन आठवड्यांत धार कमी होते. एकाने जरी हाताने झटापट खेळणं चालू ठेवलं तर होत नाही. दात यायला लागले की सुती फडकं ओलं करून पिळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तुमच्या देखत चघळायला द्या. हिरड्यांना फार बरं वाटतं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास दिली जाते, म्हणजे आत्ता ती झालेली नाही. पिल्लाच्या दाताने मुलाच्या कातडीवर ओरखडा उठला, रक्त आलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका.

शिकवायच्या शब्दांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मराठी घरांत इथे हमखास घोळ होतो. आपण 'बस' म्हणजे 'खाली बस' शिकवतो, आणि भुंकायला लागलं की 'बस! बस झालं आता!' असं ओरडतो. पिल्लाला एकाच आवाजाचे दोन अर्थ कसे कळणार? तसंच 'खाली'चं. कुणी 'खाली' म्हणजे आडवं हो म्हणतं, कुणी सोफ्यावरून उतर म्हणतं. 'ये' हा बोलावण्याचा शब्द आणि 'ए!' हा दटावण्याचा. मोठ्याने म्हटले की दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बसून सहा शब्द ठरवा आणि फ्रिजवर लावा. बसण्यासाठी 'बैठ' किंवा 'सिट' घ्या, बोलावण्यासाठी 'इकडे', तोंडातलं टाकण्यासाठी 'सोड', अंथरुणावर जाण्यासाठी 'जागेवर', उतरण्यासाठी 'उतर' आणि आडवं होण्यासाठी 'झोप'. भुंकणं थांबवायला 'बस' नको. कोणता शब्द निवडला यापेक्षा सगळ्यांचा एकच असणं महत्त्वाचं. आणि एकदाच म्हणा. 'बैठ बैठ बैठ' म्हणत राहिलात तर पिल्लू तिसऱ्या 'बैठ'ला बसायला शिकतं.

एक धडा तीन मिनिटांचा, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाआधी. बसायला शिकवताना पॉमेरेनियनसाठी तुकडा नाकापासून अगदी अर्ध्या इंचावर ठेवा आणि कपाळावरून मागे न्या. हात उंच गेला की ते मागच्या दोन पायांवर उभं राहून उड्या मारतं. ते गोंडस दिसतं, घरचे हसतात, आणि त्याला तेच येऊन बसतं. गुडघ्याच्या वाटीसाठी ही सवय वाईट. तुकडे दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. त्याच्या रोजच्या खाद्यातले दाणेच वापरलेत तर हिशेबाची कटकट राहत नाही.

खाण्यावरून आठवलं, तुम्ही दूध-पोळी देता असं लिहिलंय. ते बंद करा. गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात आणि पोळीने नुसतं पोट भरतं. लहान जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य दिवसातून चार वेळा द्या. बदल सात दिवसांत करा, रोज थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त. चार वेळाच का? एवढ्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसतो. सहा-आठ तास पोट रिकामं राहिलं, त्यात जुलाब किंवा थंडी असली, तर रक्तातली साखर एकदम उतरते. पिल्लू सुस्त होतं, चालताना झोकांड्या जातात, अंग थरथरतं, पुढे झटकेही येतात. अशा वेळी बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. मधाची बाटली चार महिन्यांपर्यंत हाताशी असू द्या. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण आणि साखरविरहित च्युइंगगम यांपासून लांब ठेवा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि सासूबाईंच्या गोळ्यांची स्ट्रिप यांपासूनही. या वजनाला एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते.

लस पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढूच नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. हे अर्धं बरोबर आहे. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, त्यामुळे सोळा आठवड्यांपर्यंत लसींचा क्रम संपत नाही तोवर सोसायटीच्या बागेत, रस्त्याच्या कडेला, जिथे इतर कुत्री करतात तिथे खाली सोडू नका. पण नवीन गोष्टींना न घाबरता स्वीकारायचं वय चौदा आठवड्यांच्या सुमारास संपत येतं. तुमच्याकडे पाचच आठवडे आहेत. म्हणून कडेवर किंवा पुढे लटकवायच्या पिशवीत घेऊन रोज पंधरा मिनिटं खाली जा. रिक्षा, स्कूटर, भाजीवाला, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा दाखवा. लांबून दाखवा, तुकडा द्या, परत या. थरथरायला लागलं, तुकडा तोंडात घेईना, तर अंतर वाढवा. घरात कुकरच्या शिट्टीला आणि मिक्सरला हेच करा: आवाज झाला की दाणा. ढोल-ताशाचं आणि फटाक्यांचं ध्वनिमुद्रण फोनवर अगदी हळू लावून त्या वेळी जेवायला द्या, आणि आठवड्यागणिक आवाज वाढवा. पुण्यात पथकांचा सराव गणपतीच्या आधी दीड-दोन महिने सुरू होतो, तोपर्यंत थांबू नका.

पॉमेरेनियनसारखी स्पिट्झ कुळातली कुत्री चाहूल लागली की भुंकण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली आहेत. तुमचं पिल्लू भुंकणार, ते पूर्ण बंद होणार नाही. पण बेल वाजली की अंथरुणावर जायचं, हे शिकवता येतं, आणि बेल हे मुलाला द्यायला सगळ्यात छान काम आहे. त्याने बाहेरून बेल दाबायची, तुम्ही 'जागेवर' म्हणून अंथरुणावर चार दाणे टाकायचे. दिवसातून दहा वेळा. दूधवाला, इस्त्रीवाला, कुरिअर यांच्या खऱ्या बेलवर हे लावायला घाई करू नका, दोन आठवड्यांनी लावा.

अंगाला हात लावण्याची सवय आत्तापासूनच. रोज दोन मिनिटं कान, पंजे, ओठ उचलून दात, आणि बारीक फणी. पॉमेरेनियनच्या कानामागे आणि काखेत गुंता होतो, तो ओढून काढलात तर पुढे फणी बघूनच गुरगुरेल. उचलण्यापूर्वी 'उचलू' असा शब्द द्या. लहान कुत्र्यांना लोक वाटेल तेव्हा मागून झडप घालून उचलतात, आणि मग ती चिडकी झाली म्हणतात. गुरगुरलं तर दटावू नका, हात थांबवा आणि कशाला गुरगुरलं ते बघा. पुढच्या पायांना धरून कधीही उचलू नका, आणि मुलाने उभ्याने उचलायचंच नाही. सोफ्यावरून किंवा दिवाणावरून मारलेल्या उडीत या जातीचा पुढचा पाय मोडू शकतो, म्हणून वर्षभर तरी सोफा बंद. गळपट्टा फक्त पिल्लाच्या नावाचा बिल्ला अडकवण्यापुरता. दोरी मात्र छातीच्या हार्नेसलाच लावा, यांची श्वासनलिका नाजूक असते.

एकटं राहणंही शिकवावं लागतं. तुमच्याकडे सासूबाई आहेत म्हणून हे राहून जाईल, आणि मग एका लग्नाला सगळे गेलात की शेजारी तक्रार करतील. चघळायचं काही देऊन दाराबाहेर तीस सेकंद, मग एक मिनिट, तीन, पाच, दहा. पिल्लू रडायच्या आत परत या. जाताना निरोप नाही, आल्यावर जल्लोष नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: रेबीजची लस झाली की तिच्या प्रमाणपत्रावर महापालिकेचा परवाना काढून घ्या. सोसायटी कटकट करत असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यानुसार पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही.

घर उघडण्याचा क्रम असा ठेवा. कुंपणात सलग दहा दिवस ट्रेबाहेर काही झालं नाही, की हॉल उघडा, तोही पिल्लाने नुकतीच शू केलेली असताना आणि कुणी बघत असताना. हॉलमध्ये दोन आठवडे निभावले की स्वयंपाकघर. बेडरूम सगळ्यात शेवटी, कारण तिथे गाद्या आहेत. लस पूर्ण झाल्यावर तोच 'शू-शू' शब्द घेऊन खाली न्यायला लागा. ट्रे लगेच काढू नका. पावसाळ्यात पॉमेरेनियन ओल्या जमिनीवर पाय ठेवायला तयार होत नाहीत, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही असतो, तेव्हा घरातला ट्रे उपयोगी पडतो.

सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान सगळं शिकलेलं पिल्लू पुन्हा घरात करायला लागलं तर घाबरू नका, आठवडाभर परत कुंपणावर या. तुमची मादी आहे, पहिली पाळी याच सुमारास येऊ शकते, त्याआधी नसबंदीचं डॉक्टरांशी बोलून ठेवा. त्याच भेटीत दुधाचे सुळे पडलेत का तेही बघायला सांगा. लहान जातींत ते अडकून राहतात आणि पक्का सुळा शेजारून वाकडा येतो. पण कोणत्याही वयात थेंब-थेंब शू दर दहा मिनिटांनी होत असेल, करताना कण्हत असेल किंवा रंग लालसर दिसला, तर ते शिकवण्याचं काम नाही, लघवीची तपासणी करून घ्या. सकाळची पहिली शू स्वच्छ वाटीत धरली तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. ट्रेवरचं पॅड काढून ठेवलंत की वाटी पुढे करणं सहज जमतं.